मेलेला ठेवा, जिता न्या

१

धाकटीच्या घरी दिवस उगवायचा तो एका 'खट्'ने. बाबांच्या खोलीतल्या पंख्याचं बटण बंद व्हायचं, पाती कुरकुरत थांबायची, चपला फरफटत स्वयंपाकघराकडे जायच्या आणि हाक यायची, "बाईसाहेब, चहा थंड होतोय!" चहा अजून गॅसवरच असायचा, पण हाक मात्र हीच.

धाकटी डोळे चोळत समोर येऊन बसायची आणि विचारायची, "भाडेकरू काय म्हणतोय?"

बाबा डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, दोन बोटं टेकवायचे. "आहे. भाडं देत नाही, पण खटखटही करत नाही."

भाडेकरू म्हणजे पेसमेकर. बाबांच्या हृदयाला ठोके चुकवायची खोड लागली तेव्हा डॉक्टरांनी कातडीखाली ती डबी बसवली होती. धाकटी तेव्हा दूरदेशी यंत्रांचं शिक्षण घेत होती, थोरली लग्न होऊन परगावी होती आणि आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिक्षण संपल्यासंपल्या धाकटी परतली. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, हे तर होतंच. पण आणखी एक वेड ती बरोबर घेऊन आली होती. तिकडे चांगल्या चालत्या वस्तूंचे डोंगर कचऱ्यात गेलेले तिने पाहिले होते, आणि तेव्हापासून एकच वाक्य तिच्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. वस्तू मरत नाहीत, माणसं त्यांना टाकून देतात. आपल्या वस्तीत एक दुरुस्तीघर काढायचं. ज्याने त्याने आपलं मोडकं घेऊन यावं, बसून शिकावं, नीट करून घरी न्यावं.

जागा तिने हेरून ठेवली होती. वस्तीचा बंद पडलेला तरणतलाव पुन्हा उघडणार होता आणि त्याचा पुढचा हॉल ओसच होता. समितीपुढे ती पोटतिडकीने बोलली. अध्यक्ष हसले आणि कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "ते मशीन उद्घाटनापर्यंत चालू करून दाखव. हॉल तुझा."

कोपऱ्यात थंड बाटल्यांचं जुनं मशीन उभं होतं. पुढे काच, आत तारेची वेटोळी, नाणं टाकायची फट. तलावाचे राखणदार, एकेकाळचे पोहण्याचे शिक्षक, ज्यांना सगळी वस्ती मास्तर म्हणते, ते त्याला आजोबा म्हणायचे. "आजोबाला उठवशील, पण एक ध्यानात ठेव," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "मी पंप सुरू केला की ह्या हॉलचा फ्यूज उडतो. पंपाला आणि आजोबाला एका ताटात जेवता येत नाही."

मशीन चाललं नाही तर हॉल नाही, आणि हॉल नाही तर तिकडच्या नोकरीच्या बोलावण्याला 'येते' म्हणून कळवणं भाग होतं. बाबा तोंडाने म्हणत, "जा की, मी काय कुकुलं बाळ आहे?" पण तिची प्रवासाची बॅग त्यांनी माळ्यावर टाकायला लावली होती, आणि तीही पार मागे, जुन्या पिंपाच्या आड.

२

आजोबाच्या पोटातलं काय काय निकामी झालं आहे ते धाकटीने मागचं झाकण काढून तपासलं. थंडाव्याच्या पंख्याचा कपॅसिटर फुगला होता. नाण्याच्या यंत्रणेचा छोटा ट्रान्सफॉर्मर जळला होता. गारवा सांभाळणारा थर्मोस्टॅट गेला होता, आणि बाटली ढकलणारी मोटर किती वेळ फिरवायची ते ठरवणारा टायमर कायमचा गप्प झाला होता. बाकी सगळं ठणठणीत.

जुन्या सामानाच्या गल्लीत तिने पायपीट केली. "ह्याचा पार्ट?" एक दुकानदार हसला. "ताई, ह्याची कंपनीच वर गेली. आता पार्ट हवा तर वरच जावं लागेल." शेवटी एकाने गल्लीच्या टोकाकडे हनुवटी उडवली. "बदलीवाल्याकडे बघा. त्याच्याकडे नसतं असं काही नसतं."

सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. धाकटीला ते खटकलं, पण गरजवंताला अक्कल नसते.

बदलीवाल्याचं दुकान म्हणजे एक लाकडी फळी, तिच्यामागे तो, आणि त्याच्यामागे मळकट पडदा. मांडणी नाही, खोकी नाहीत. गल्लीत सगळ्यांची नखं काळी, ह्याची मात्र धुतल्यासारखी स्वच्छ.

"मेलेला आणलाय?" त्याने विचारलं.

"काय?"

"गेलेला पार्ट हो. इथली रीत एकच. मेलेला ठेवा, जिता न्या. मेलेला नसेल तर जिता नाही. आणि एकदा नेलेला परत घेत नाही."

"मेलेला कशाला हवा? तांब्यासाठी?"

"जागेसाठी," तो म्हणाला. "जिता जिथून येतो तिथली जागा उघडी ठेवून कसं चालेल, ताई? दात पडला की जीभ सारखी तिथंच जाते."

धाकटी मनात म्हणाली, लबाड आहे. मेलेलेच धुऊनपुसून पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत असणार. त्यावर तिच्याकडे उपाय होता. शिकताना कार्यशाळेत लागलेली सवय होती ती. निकामी सुटा भाग हातात आला की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे तो चांगल्यात मिसळत नाही. बाटली कायम हत्यारांच्या पिशवीत असे. फुगलेल्या कपॅसिटरवर ठिपका आधीच होता. तो वर दिसेल असा तिने फळीवर ठेवला. म्हटलं, बघ, आमच्याकडे लक्ष आहे.

बदलीवाल्याने ठिपका पाहिला आणि उगाच मान डोलावली. "घरी कोण कोण असतं?"

"बाबा आणि मी."

"म्हणजे सामान बेताचंच," असं म्हणून तो पडद्यामागे गेला.

आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग स्क्रू फिरल्याची कुरकुर. मग, कुणीतरी पंखा बंद करावा आणि पाती मंदावत, मंदावत थांबावीत, तसा एक आवाज. दुकानात तर पंखा नव्हता.

त्याने आणून दिलेला कपॅसिटर हुबेहूब होता. आणि कोमट होता. कोंबडीखालून काढलेलं अंडं हातात घ्यावं, तसा.

३

आजोबाच्या मागचा पंखा भर्रकन फिरला तेव्हा मास्तरांनी शिट्टी मारली. ओस तलावातून ती शिट्टी परत आली. धाकटी घरी आली ती हवेतच.

"बाईसाहेब," बाबा शर्टाने वारा घेत बसले होते, "दुरुस्तीवालीच्या घरी पंखा बंद. लोक काय म्हणतील?"

"काय झालं?"

"दुपारी पडलो होतो, फिरता फिरता थांबला. नुसता हुं हुं करतोय. माझ्यासारखा."

"बघते उद्या," ती म्हणाली. उद्याचा परवा झाला, कारण डोक्यात ट्रान्सफॉर्मर होता. ती पुन्हा गल्लीच्या टोकाला गेली. जळका ट्रान्सफॉर्मर, लाल ठिपका, फळी, पडदा. ह्या खेपेला आत कुठेतरी 'डिंग' वाजलं आणि 'डाँग' वाजायच्या आधीच तुटलं. ट्रान्सफॉर्मर हातात पडला, तोही कोमट.

"दुसऱ्या कुणाच्या चालत्या यंत्रातून काढता की काय?" तिने थट्टेच्या सुरात, पण डोळे रोखून विचारलं.

"सगळं कुणाच्या ना कुणाच्या चालत्यातूनच येतं, ताई," तो म्हणाला. "आकाशातून थोडंच पडतं?"

घरी आल्यावर तिने दाराची बेल दाबली. वाजली नाही. पुन्हा दाबली. शेवटी दार बडवलं. बाबा आले आणि म्हणाले, "एवढं पोलिसासारखं काय बडवतेस? बेल आहे ना?"

धाकटी दारातच उभी राहिली. पंखा. बेल. आजोबाचा पंखा. आजोबाचा ट्रान्सफॉर्मर. योगायोग म्हणून एक वस्तू असते आणि घर जुनं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. मग चहासुद्धा न घेता स्टूल ओढलं, बाबांच्या खोलीतल्या पंख्याखाली चढली आणि वरची वाटी सैल केली.

आत फुगलेला कपॅसिटर बसवला होता. वायरी नीट जोडलेल्या, पट्टी घट्ट गुंडाळलेली. त्याच्या पोटावर लाल ठिपका होता. ठिपक्याची एक बाजू ओघळली होती. ओघळ तिचाच होता. लावताना मास्तरांनी हाक मारली म्हणून हात हलला होता.

मग तिने बेलची डबी उघडली. तिथेही लाल ठिपका.

४

माणसाला भुतापेक्षा माणसाचा संशय घेणं सोपं जातं. धाकटीनेही तेच केलं. आणि घरात माणूस एकच होता.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"काय केलं?"

"हे." तिने दोन्ही सुटे भाग टेबलावर आपटले. "तुम्ही जन्मभर वायरमन. तो बदलीवाला तुमच्या ओळखीचा असणार. मी मेलेले टाकून येते, तुम्ही ते परत आणता आणि घरात बसवता. कशासाठी? माझी फजिती करायला? का मी कंटाळून हे सगळं सोडावं म्हणून?"

बाबांनी चष्मा लावला. कपॅसिटर उलटापालटा केला. "मी हा पंख्यात बसवला?"

"दुसरं कोण येणार?"

"स्टुलावर चढून?"

"हो!"

"डावा हात वर करून?"

धाकटीची नजर त्यांच्या खांद्याकडे गेली. भाडेकरू आल्यापासून बाबा डावा हात खांद्याच्या वर नेत नसत. डॉक्टरांनी कधीच परवानगी दिली होती, पण त्यांच्या मनातली भीती जात नव्हती. वरच्या फळीवरचा साखरेचा डबासुद्धा ते तिच्याकडून काढून घेत. आणि स्टुलावर तिच्या स्वतःच्या पायांचे ठसे होते तेवढे सोडले तर धुळीचा थर जसाच्या तसा होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बाबा म्हणाले. हसण्यावारी नेलं त्यांनी, पण नंतर बराच वेळ रेडिओ लावला नाही. जेवताना म्हणाले, "पोरी, मला तू इथं राहायला हवी आहेस. तुझ्या कामात खोडा मी कशाला घालीन?"

आपलेच दात, आपलेच ओठ. माफी मागायची तर खरं कारण सांगावं लागणार, आणि खरं कारण काय, ते तिला तरी कुठे ठाऊक होतं? तिने फक्त बाबांच्या ताटात आणखी भात वाढला.

५

दुसरी शंका बदलीवाल्याची. हा माणूस घर फोडत असला पाहिजे. पाळत ठेवून, बाबांच्या दुपारच्या झोपेत, किल्ली बनवून. वेडगळ होतं, पण निदान माणसाचं होतं. आणि यंत्रं शिकलेल्या मुलीला माहीत होतं की शंकेची चाचणी घ्यायची असते.

थर्मोस्टॅट आणायला निघण्याआधी तिने घरातल्या चालत्या वस्तू उघडल्या आणि आतल्या सुट्या भागांवर निळ्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. मिक्सर, इस्त्री, रेडिओ, फ्रिज. बाबा बघत होते.

"सगळ्यांना दृष्ट लागू नये म्हणून का?"

"तसंच समजा. आणि आज दार आतून लावून घ्या. मी येईपर्यंत कुणालाही उघडायचं नाही. स्वयंपाकघरातच बसा. फ्रिजसमोर."

"फ्रिज पळून जाणार आहे का?"

"बाबा, बसा ना."

बाबा खुर्ची घेऊन फ्रिजसमोर बसले. तिने कडी लागल्याचा आवाज ऐकला तेव्हाच जिना उतरला. रिक्षा करून ती थेट गल्लीत गेली, मेलेला थर्मोस्टॅट फळीवर ठेवला आणि बदलीवाल्यावरची नजर हलवली नाही. तो पडद्यामागे गेला. मग स्क्रूची कुरकुर. आणि मग तो आवाज आला.

त्यांचा फ्रिज बंद पडताना एक आचका देतो. आधी घरघर, मग आचका, मग वरच्या भांड्यांची किणकिण. लहानपणापासून ऐकलेला आवाज होता तो. आईच्या आवाजाइतका ओळखीचा.

धाकटी फळीखालून वाकून आत घुसली आणि तिने पडदा ओढला.

मागे हातभर जागा, आणि मग भिंत. भिंतीला दार नाही, खिडकी नाही, कपाट नाही. एका खिळ्यावर स्क्रू ड्रायव्हर लटकत होता आणि जरासा हलत होता. त्या हातभर जागेत वास होता तो बाबा खांद्याला चोळतात त्या तेलाचा.

बदलीवाला तिच्याच बाजूला उभा होता. त्याने थर्मोस्टॅट पुढे केला. ह्या खेपेला तो कोमट नव्हता, बर्फासारखा गार होता. त्याच्या कडेला निळा ठिपका होता. तिने अंगठा लावला. रंग अजून ओला होता.

"पडदा ओढू नये, ताई," तो शांतपणे म्हणाला. "आतल्यांना वारा लागतो."

ती थर्मोस्टॅट घेऊन पळाली. का घेतला, ते तिलाही सांगता आलं नसतं. आपल्या घरची वस्तू त्या माणसाच्या हातात राहू नये, एवढंच. घरी पोचून दार बडवलं. कडी आतून निघाली.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? आणि आलं तरी कळणार कसं, बेल तर वाजत नाही," बाबा म्हणाले. "मी जागचा हललो नाही बघ. डोळ्याला डोळा नाही. तुझ्या फ्रिजने मात्र मघाशी आचका दिला आणि गप्प झाला. मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही हं. आधीच सांगतो."

६

फ्रिजमधला लाल ठिपक्याचा मेलेला काढून निळ्या ठिपक्याचा थर्मोस्टॅट परत बसवला, जागच्या जागी, तिच्याच हातांनी, पण फ्रिज ढिम्म हलला नाही. मग तो तिने आजोबात लावून पाहिला. आजोबा लगेच गारठू लागला. एकदा नेलेला परत घेत नाही, हे वाक्य तिला आठवलं.

आता उरला टायमर. पूर्ण संध्याकाळ धाकटी तो मेलेला टायमर पुढ्यात घेऊन बसली. सवयीने त्यावर लाल ठिपका केव्हाच पडला होता. मन मात्र वकिली करत होतं. घरात टायमर आहेच कशात? कपडे बाबा हाताने धुतात, ओव्हन नाही, गजराचं घड्याळ किल्लीचं. म्हणजे बदलीवाल्याला आपल्याकडून न्यायला काहीच नाही. एकदाच जायला काय हरकत आहे? उद्घाटन तोंडावर आलंय. हॉल मिळेल. बाबांजवळ राहता येईल.

मग तिला स्वतःचीच लाज वाटली. कुणाच्या चालत्यातून येतो हे कळल्यावर घ्यायचा? आपल्या घरचं नसेल तर दुसऱ्या कुणाच्या? वस्तू टाकून द्यायच्या नाहीत म्हणणारी मी, दुसऱ्याचं चालतं बंद पाडून माझं मोडकं चालवणार? नाही. कानाला खडा. उद्या समितीला सांगायचं, जमलं नाही.

"काय अडलंय?" बाबांनी विचारलं.

"टायमर नाही मिळत," ती म्हणाली. पडद्यामागचं सगळं ओठांवर आलं होतं. एकदा त्यांच्यावर खोटा आळ घेतला होता, आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"त्या बदलीवाल्याकडेही नाही?"

"त्याच्याकडे मला जायचं नाही."

बाबांनी मान हलवली. "मग काय, तिकडे कळवणार? येते म्हणून?"

तिने टायमर पिशवीत टाकला आणि झोपायला गेली. बाबा बराच वेळ माळ्याकडे बघत बसले होते, जुन्या पिंपाच्या दिशेने.

७

पंखा बंद पडल्यापासून सकाळचं 'खट्' नव्हतंच, आणि आज चहाची हाकही आली नाही. त्यामुळे तिला उशिरा जाग आली. चहाचा कप झाकून ठेवला होता. घरात कुणी नव्हतं. हत्यारांची पिशवी कोपऱ्यात होती, पण चेन उघडी होती.

तिने पिशवी उपडी केली. टायमर नव्हता.

धाकटी कशी पोचली ते तिला नंतर आठवलं नाही. तरणतलावाच्या पायऱ्या चढतानाच आवाज कानावर आला. टक. टक. टक. हॉलमध्ये उद्घाटनाच्या पताका लागल्या होत्या. आजोबाच्या काचेमागे दिवा लागला होता आणि बाटल्यांवर दव धरलं होतं. समोरच्या बाकावर बाबा बसले होते, मांडीवर स्क्रू ड्रायव्हर. मास्तर दोन्ही हात कमरेवर ठेवून कौतुकाने बघत होते.

"ये, ये," मास्तर म्हणाले. "तुझ्या बापाने बाजी मारली. माझ्यासमोर बसवला, तो आणि कसा! जुना वायरमन तो जुना वायरमनच."

"बाबा," तिला धाप लागली होती. "कुठून आणलात?"

"रागावू नकोस. तू जात नव्हतीस म्हणून मी गेलो. माणूस वाईट नाही गं. मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मेलेला ठेवून घेतला. म्हणाला, आता जरा स्वस्थ बसा, हलू नका. मग पडद्यामागे काहीतरी ठोकत होता बराच वेळ. टक टक टक. मला तर डुलकीच लागली."

"पार्ट कसा होता?"

"छोटासाच. चपटा. आपल्या टायमरसारखा नाही दिसला, पण बसला चपखल." बाबा हसले. कपाळावर घाम होता. "आणि गंमत सांगू? हातात घेतला तर कोमट. चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा. खिशात टकटकत होता सगळी वाट."

धाकटी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने त्यांचं मनगट धरलं.

"काय करतेस? मी बरा आहे. थोडं दमल्यासारखं झालंय, जिना चढलो ना."

आजोबातून टक आलं, आणि तिच्या बोटांखाली ठोका पडला. टक, आणि ठोका. पुढे नाही, मागे नाही. दोन वेगळे आवाज नव्हतेच ते. तिने डोळे मिटले, श्वास धरला, स्वतःला बजावलं, योगायोग असतो, कान फसवतात, नाडी मोजताना माणूस जवळच्या तालाला धरतोच. डोळे उघडून तिने बाबांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं.

गळ्याच्या हाडाखाली नेहमीचा उंचवटा होता, पण त्याचे कोपरे बदलले होते. नेहमी तो गोलसर असे. कातडी ताणली गेली होती, जरा पातळ झाली होती. आणि कातडीच्या आत, पाण्याखाली पडलेल्या मण्यासारखा, एक लाल ठिपका दिसत होता.

"काय बघतेस?" बाबांनी विचारलं. "भाडेकरू आहे ना जागेवर?"

मशीन चालू आहे, तिने विचार केला. चालू आहे तोवर ठीक आहे. वीज आहे तोवर. कुणी बटणाला हात लावायचा नाही, इथून हलायचं नाही, मी इथंच राहीन, हॉल माझाच आहे आता, कायमचा. तिने बाबांचं मनगट आणखी घट्ट धरलं.

मग तिला जाणवलं की मास्तर बाजूला नव्हते.

ओस तलावाच्या कडेने चपलांचा आवाज दूर जात होता. फट्, फट्, फट्. रिकाम्या फरशांवरून तो दुप्पट होऊन येत होता. मास्तरांचा उत्साही स्वर आला, "संध्याकाळी पाहुणे यायचेत, तलाव भरायला घेतो गं! आजोबा घटकाभर झोपला तरी चालेल, फ्यूज मग घालू! बापाला सरबत दे!"

पंप.

"मास्तर!" ती ओरडली. "मास्तर, नको! हात लावू नका!"

तलावाने तिची हाक गिळली आणि तुकडे तुकडे करून परत दिली. नको, नको, नको. पंपघराचं लोखंडी दार किरकिरलं.

"एवढं काय झालं?" बाबा म्हणाले. ते काचेकडे बोट दाखवत होते, लहान मुलासारखे खूश होऊन. "ते सोड. इकडे बघ, बाटली सरकायला लागली. तुझीच पहिली. आता बघ कशी..."

दूर काहीतरी घुमलं. काचेमागचा दिवा पिवळा झाला, तांबूस झाला.

टक, तिच्या बोटांखाली.

बाटली वेटोळ्याच्या टोकाशी येऊन अर्धी बाहेर झुकली आणि तशीच थांबली. धाकटी पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली.